मत्स्यडिंभांचे भक्षण आणि आरंभीचे जीवन : मोहावी जलाशयातील क्षुरपृष्ठ माशाचा धडा

माशांच्या एखाद्या जातीची अवस्था कशी आहे, असा प्रश्न निघाला की आपण प्रथम तिची संख्या मोजावयास निघतो. जाळी टाकतो, सापडलेल्या माशांवर खूण करून त्यांना पुन्हा सोडतो, आणि पुढच्या खेपेस खुणेचे किती मासे हाती आले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतो. ही रीत योग्यच आहे. तथापि केवळ तिच्यावर विसंबून राहिल्यास केवढी फसगत होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावी जलाशयात घडून आले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे एका दुर्मिळ देशी जातीचे सुमारे ६०,००० प्रौढ मासे असावेत असा अंदाज होता. हे मासे दर हिवाळ्यात अंडी घालीत, अंडी फुटत, डिंभ बाहेर पडत. इतके असूनही ती जात त्या जलाशयातून नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. कारण त्या साठ हजारांत तरुण मासा जवळजवळ एकही नव्हता.

प्रौढ आहेत, अंडी आहेत, डिंभ आहेत, आणि तरुण मासे मात्र नाहीत, ही परिस्थिती कशी उद्भवते? तिचे कारण कोणत्या पुराव्याने सिद्ध करावयाचे? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरण दूरदेशीचे असले तरी त्यामागील विचारपद्धती कोणत्याही नदीस लागू पडणारी आहे, आणि आपल्या नद्यांच्या अभ्यासकांस तर ती विशेष उपयोगी पडेल.

मासा आणि त्याची नदी

या माशाचे इंग्रजी नाव ‘रेझरबॅक सकर’ असे आहे. डोक्यामागे पाठीवर वस्तऱ्याच्या पात्यासारखा उभा, धारदार उंचवटा असल्यामुळे त्यास हे नाव पडले. या लेखात आपण त्यास क्षुरपृष्ठ मासा असे म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव झायरॉकेन टेक्सानस असे असून पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थही ‘वस्तऱ्यासारखी मान असलेला’ असाच आहे. चार्ल्स अ‍ॅबट याने १८६० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा मासा मूळचा केवळ कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातील. अन्यत्र तो आढळत नाही. त्याची लांबी जवळजवळ एक मीटरपर्यंत जाते आणि आयुष्य चाळीस वर्षांहूनही अधिक असते. १९९१ साली अमेरिकेच्या संघ सरकारने त्याचा समावेश नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींच्या यादीत केला. पुढे २०२१ साली त्यास एक पायरी खालच्या, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गात घालावे असा प्रस्ताव मांडण्यात आला. त्यामागे कोणते प्रयत्न होते ते पुढे येईलच.

‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘तांबूस रंगाची’. ही नदी एके काळी खरोखरच तशी होती. उन्हाळ्याच्या आरंभी डोंगरांवरचे बर्फ वितळले की तिला मोठे पूर येत, पाणी काठाबाहेर पसरून सखल भागांत साचे, आणि वर्षाचा बराच काळ तिचा प्रवाह तांबड्या गाळाने भरलेला असे. १९३६ साली हूव्हर धरण पुरे झाले. त्याच्या खालच्या अंगास १९५० च्या सुमारास डेव्हिस धरण उभे राहिले आणि या दोन धरणांच्या मधल्या दरीत सुमारे १०८ किलोमीटर लांबीचा मोहावी जलाशय तयार झाला. वरच्या धरणात गाळ खाली बसतो. त्यामुळे मोहावीत येणारे पाणी थंड आणि नितळ असते. पाण्याबरोबर प्राणिसृष्टीही पालटली. कार्प, चॅनेल कॅटफिश, ग्रीन सनफिश, ब्ल्यूगिल, लार्जमाउथ बास, आणि मागाहून स्ट्राइप्ड बास, असे कितीतरी परके मासे कोणी खाण्यासाठी, कोणी गळाच्या शिकारीच्या हौसेसाठी, तर काही नजरचुकीने या खोऱ्यात आले आणि स्थिरावले.

वयाचा पुरावा

प्रौढ मासे विपुल असल्यामुळे आरंभी कोणास चिंता वाटली नाही. मोठा मासा पाहून तो किती वर्षांचा आहे हे सांगता येत नाही. पूर्ण वाढलेला दहा वर्षांचा क्षुरपृष्ठ आणि चाळीस वर्षांचा क्षुरपृष्ठ वरकरणी सारखेच दिसतात. वय कळण्यासाठी कर्णाश्म पाहावा लागतो. माशाच्या अंतर्कर्णातील या खड्याच्या छेदावर झाडाच्या बुंध्याप्रमाणे वर्षागणिक वलये उमटतात. मॅकार्थी व मिंकली यांनी १९८७ साली मोहावीतील माशांच्या वयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ती वये २४ ते ४४ वर्षे अशी भरली. त्यांतील बहुसंख्य मासे धरण पुरे होऊन जलाशय भरत असतानाच्या किंवा त्यापूर्वीच्या काळात जन्मलेले होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. जलाशय प्रथम भरला तेव्हा नव्याने बुडालेल्या जमिनीवर अन्न भरपूर होते, परक्या भक्षकांची संख्या अद्याप वाढलेली नव्हती, आणि एक मोठी पिढी वाढून गेली. तिच्यानंतर जवळजवळ कोणी आलेच नाही. जी साठ हजारांची संख्या दिसत होती ती म्हणजे त्या एकाच जुन्या पिढीची शिल्लक होती. मासा दीर्घायुषी असल्यामुळे ती शिल्लक तीस-चाळीस वर्षे पुरली. दीर्घायुष्य हे जातीला संकटकाळी तगवून नेणारे साधन खरे, परंतु तेच निरीक्षकाच्या डोळ्यांवर पडदाही टाकते. अखेर वार्धक्याने मासे मरू लागले तेव्हा उतार वेगाने झाला. १९९१ मध्ये या जलाशयात मूळच्या वन्य माशांची संख्या सुमारे ४४,००० होती. २००१ मध्ये ती ३,०००च्याही खाली आली.

पिढी कोठे तुटते?

यापुढचा प्रश्न असा की साखळीचा कोणता दुवा तुटला आहे. येथे अभ्यासकाने एकेक अवस्था क्रमाने तपासली पाहिजे. मासे जनन करतात काय? करतात. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काठालगतच्या उथळ, खडेवाळूच्या तळावर एका मादीभोवती दोन किंवा अधिक नर जमतात आणि अंडी घातली जातात. अंडी पुरेशी असतात काय? मोठ्या मादीची अंडी लाखाच्या घरात जातात. अंडी फुटतात काय? कार्प आणि इतर मासे त्यांतील पुष्कळशी फस्त करतात. तथापि उरलेल्यांतून पाण्याच्या तापमानानुसार एक-दोन आठवड्यांत डिंभ बाहेर पडतात. हे डिंभ प्रकाशाकडे ओढले जातात. रात्री होडीच्या कडेला पाण्यात दिवा सोडला की ते त्याभोवती गोळा होतात आणि साध्या हातजाळीने उचलता येतात. या युक्तीने दर हंगामात हजारो डिंभ सापडत.

मात्र सापडणाऱ्या डिंभांची लांबी मोजून तक्ता केला असता एक विलक्षण गोष्ट दिसून आली. आठ, नऊ, दहा मिलिमीटरचे डिंभ विपुल. दहा-बारा मिलिमीटरच्या पुढे मात्र तक्ता एकदम कोरा. बोटाएवढी पिल्ले तर कोणत्याही जाळ्यात येत नव्हती. म्हणजे पोहू लागल्यावर थोड्याच आठवड्यांच्या आत संपूर्ण पिढी नाहीशी होत होती. तुटलेला दुवा सापडला. तो कशाने तुटला हे अद्याप सापडावयाचे होते.

भूक की भक्षक?

या बाबतीत दोन गृहीतके पुढे आली. पहिले भुकेचे. नॉर्वेचा मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट याने १९१४ साली सागरी माशांविषयी असे प्रतिपादन केले होते की, पीतक संपून डिंभ प्रथमच बाहेरचे अन्न शोधू लागतो तो काळ निर्णायक असतो. त्या दिवसांत योग्य प्लवक न मिळाल्यास सबंध पिढी उपासमारीने मरते. मोहावीसारख्या नितळ जलाशयात प्लवक बेताचेच असल्यामुळे हे कारण संभवनीय होते. पापूलियास व मिंकली यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील कामात क्षुरपृष्ठाच्या डिंभांचा जगण्याशी आणि अन्नाच्या प्रमाणाशी असलेला निकट संबंध दाखवूनही दिला. दुसरे गृहीतक भक्षणाचे : डिंभ भुकेने मरण्यापूर्वीच परके मासे त्यांना खाऊन टाकतात.

ही दोन गृहीतके एकमेकांना छेद देणारी आहेत असे मानण्याची चूक विद्यार्थ्यांकडून पुष्कळदा होते. थोडे गणित केल्यास ती टळेल. समजा, एक लक्ष डिंभ आहेत आणि भक्षकांमुळे रोज त्यांतील दहावा हिस्सा नाहीसा होतो. तीस दिवसांनी सुमारे ४,२३९ उरतील. रोजचा ऱ्हास शेकडा २० असेल तर उरतील केवळ १२४. आणि शेकडा ३० असेल तर अवघे २. रोजच्या ऱ्हासात झालेला फरक लहान दिसतो, परंतु तो दिवसागणिक गुणला जात असल्यामुळे महिन्याअखेर तो जातीच्या जीवनमरणाचा फरक ठरतो. आता अन्नाचा विचार करू. अन्न उत्तम मिळाले आणि डिंभाने धोक्याचे वय तीस दिवसांऐवजी वीस दिवसांतच ओलांडले, तर शेकडा २० या दरानेही १२४ च्या ठिकाणी १,१५३ डिंभ वाचतील. (हे आकडे केवळ दृष्टांतादाखल घेतले आहेत, ते मोहावीतील मोजमाप नव्हे.) सारांश, भूक डिंभाला थेट न मारताही भक्षकाच्या तोंडी अधिक दिवस उभे ठेवते. यास्तव ‘अन्न की भक्षण’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा, अन्नाची सद्यःस्थिती तशीच ठेवून भक्षक काढून टाकले तर काय होते, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

पुराव्याचे प्रकार

भक्षण सिद्ध करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे भक्षकाचे पोट चिरून पाहणे. परंतु दहा मिलिमीटरचा डिंभ म्हणजे जवळजवळ पारदर्शक, मऊ, हाडे न बनलेला जीव. भक्षकाच्या जठरात त्याचा अल्पावधीतच लगदा होतो. म्हणून पोटात डिंभ न सापडणे हा तो खाल्ला गेला नसल्याचा पुरावा नव्हे. अलीकडे ही अडचण रेणवीय तंत्राने बरीचशी दूर झाली आहे. जठरातील लगद्यात क्षुरपृष्ठाच्या डीएनएचा अंश आहे किंवा नाही हे तपासता येते, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोहावीतील अशा अभ्यासाने परके मासे तेथे क्षुरपृष्ठाचे डिंभ खातात हे निश्चित केले. तथापि हाही पुरावा भक्षण घडते एवढेच सांगतो. पिढी नष्ट होण्यास ते पुरेसे आहे काय, हे सांगत नाही.

दुसरा प्रकार टाक्यांतील प्रयोगांचा. भक्षक आणि डिंभ एकत्र ठेवून ठरावीक वेळाने किती उरले ते मोजावयाचे. अशा प्रयोगांतून काही महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. चतुर आणि टाचणी या कीटकांची पाण्यातील पिल्लेही क्षुरपृष्ठाचे डिंभ खातात, हे १९९४ साली दाखविण्यात आले. १९९३ साली जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षुरपृष्ठाच्या डिंभांची तुलना पूर्वेकडील नद्यांतल्या ‘नॉर्दर्न हॉग सकर’ या त्याच कुळातील माशाच्या डिंभांशी केली. पूर्वेकडील नद्यांत भक्षक माशांच्या अनेक जाती पूर्वापार नांदतात. तेथील डिंभ भक्षकाला ओळखून टाळण्यात सरस ठरले. क्षुरपृष्ठाच्या डिंभांस ते तितकेसे साधले नाही.

येथे एक रास्त शंका निघते. कोलोरॅडो नदीत पूर्वीही भक्षक होताच. ‘पाइकमिनो’ हा तेथील देशी मासा मनुष्याच्या उंचीएवढा वाढत असे. मग क्षुरपृष्ठ त्याच्या सहवासात युगानुयुगे कसा टिकला? याचे उत्तर पाण्याच्या रंगात सापडते. जॉन्सन व हाइन्स यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यात गाळ मिसळला असता कोवळ्या क्षुरपृष्ठांचे भक्षण कमी होते असे आढळले. याच खोऱ्यातील ‘हम्पबॅक चब’ या दुसऱ्या देशी माशावर पुढे झालेल्या प्रयोगांतही गढूळपणाचा असाच उपयोग दिसून आला. सनफिश व बास हे डोळ्यांनी शिकार करणारे मासे आहेत. गढूळ पाण्यात त्यांची दृष्टी चालत नाही. जुन्या नदीत डिंभाला लपण्याची विद्या फारशी शिकावी लागली नाही, कारण सारी नदीच त्याचा आडोसा होती. धरणांनी एका बाजूस गाळ अडवून तो आडोसा काढून घेतला, आणि दुसऱ्या बाजूस माणसाने नितळ पाण्यात शिकार करणारे मासे आणून सोडले. हे दोन्ही बदल एकाच वेळी झाले यातच या माशाचे दुर्दैव आहे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रकार म्हणजे वगळण्याचा प्रयोग. मोहावीच्या काठाला खडेवाळूच्या बांधामुळे मुख्य पाण्यापासून तुटलेली काही लहान तळी आहेत. पाणी तेच, ऊन तेच, प्लवकही त्याच जातीचे. त्यांतील भक्षक मासे काढून टाकले आणि क्षुरपृष्ठाचे डिंभ सोडले, तेव्हा बारा मिलिमीटरची ती अदृश्य भिंत नाहीशी झाली. डिंभ वाढून पिल्ले झाली आणि पिल्ले वीतभर लांबीची झाली. याची उलट बाजूही निसर्गानेच दाखविली. खालच्या कोलोरॅडोच्या काठी सिबोला येथील एका भक्षकमुक्त तळ्यात क्षुरपृष्ठ आणि ‘बोनीटेल’ हे दोन्ही देशी मासे आपोआप जनन करून नवी पिढी वाढवीत होते. पुढे त्या तळ्यात लार्जमाउथ बास शिरला आणि हा क्रम खुंटला. कारण काढले की परिणाम जातो आणि कारण आणले की परिणाम परततो, अशी दोन्ही अंगांनी साक्ष मिळाली म्हणजे अनुमान भक्कम होते.

अपवादही येथे बोलका आहे. मोहावीच्या वरच्या अंगास असलेल्या मीड जलाशयात परके भक्षक आहेतच. तरीही तेथे काही थोडे तरुण वन्य क्षुरपृष्ठ नियमितपणे सापडत आले आहेत. हे मासे जेथे वाढतात त्या खाड्यांत पाणी गढूळ असते आणि पाण्यात बुडालेली झाडेझुडपे असतात. भक्षक असूनही आडोसा असेल तर काही डिंभ निभावतात, हे टाकीतील निष्कर्षाशी जुळणारे आहे. या माशांचे वय ठरविताना कर्णाश्मासाठी मासा मारण्याऐवजी पराच्या किरणाचा लहानसा तुकडा कापून घेण्याची पद्धत वापरण्यात आली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जी जात वाचवावयाची, तिचाच बळी देऊन तिचा अभ्यास करणे शक्यतो टाळले पाहिजे.

प्रयोगकर्त्याने घ्यावयाची दक्षता

टाकीतील आकडे नदीस जसेच्या तसे लावू नयेत. टाकी लहान असते. भक्ष्याला पळून जाण्यास वाव नसतो. भक्षकाला प्रयोगापूर्वी उपाशी ठेवलेले असते. त्यामुळे भक्षणाचा दर फुगतो. याउलट, पकडलेला भक्षक नव्या जागेत बावरलेला असल्यास तो काहीच खात नाही आणि दर खोटा कमी दिसतो. म्हणून टाकीतील प्रयोगाचा उपयोग तुलनेपुरता करावा : गढूळ पाणी व नितळ पाणी, आडोसा असलेली टाकी व नसलेली टाकी, लहान डिंभ व मोठा डिंभ. प्रत्येक वेळी भक्षकाविना ठेवलेली नियंत्रक टाकी हवीच. नाहीतर हाताळणीने मेलेले डिंभ भक्षकाच्या खात्यावर मांडले जातील. नदीत जाळे टाकताना भक्षक आणि डिंभ एकाच जाळ्यात कोंडले गेले तर भक्षक तेथेच डिंभ खातो. असे पोट तपासून काढलेला निष्कर्ष नदीविषयी नसून जाळ्याविषयी असतो. दुर्मिळ जातीचे डिंभ पुरेसे नसल्यास तिच्या जवळच्या, विपुल असलेल्या जातीवर आधी पद्धत पारखून घ्यावी. परंतु वर सांगितलेल्या दोन ‘सकर’ माशांच्या तुलनेवरून दिसेल की, एकाच कुळातील दोन जातींची वागणूकही सारखी असेलच असे नाही.

उपायांची कसोटी

कारणमीमांसेचे महत्त्व केवळ विद्वत्तेपुरते नाही, हे पुनर्वसनाच्या इतिहासावरून कळते. १९८१ पासून १९९० पर्यंत अ‍ॅरिझोना राज्यातील गिला, सॉल्ट आणि व्हर्दे या नद्यांत क्षुरपृष्ठाची एक कोटीहून अधिक लहान पिल्ले सोडण्यात आली. पुढे जाळ्यात आलेली फारच थोडी. मार्श व ब्रुक्स यांनी १९८९ साली गिला नदीतील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे सोडलेली पिल्ले चॅनेल कॅटफिश आणि फ्लॅटहेड कॅटफिश या माशांच्या पोटी गेल्याचे त्यांस आढळले. बीज कमी पडते असे समजून बीज वाढविले. वस्तुतः कमी पडत होता तो आसरा.

मोहावीत १९९० च्या सुमारास संशोधकांनी व सरकारी खात्यांनी मिळून वेगळा मार्ग धरला. जलाशयातील वन्य डिंभ रात्री दिव्याने गोळा करावयाचे, ते मत्स्यबीज केंद्रात आणि काठच्या तळ्यांत भक्षकांपासून दूर वाढवावयाचे, आणि मोठे झाले की जलाशयात परत सोडावयाचे. थोड्याशा माद्यांपासून केंद्रात बीज तयार करण्याऐवजी जलाशयभर गोळा केलेले डिंभ घेण्यात एक दूरदृष्टी होती : म्हाताऱ्या होत चाललेल्या त्या पिढीची आनुवंशिक विविधता पुढच्या पिढीत उतरावी. हा हेतू पुष्कळ अंशी सफल झाला. मात्र सोडावयाच्या माशाच्या आकाराबाबत अनुभवाने शिकावे लागले. आरंभी सुमारे २५ सेंटिमीटरचे मासे सोडण्यात आले. परंतु स्ट्राइप्ड बास हा मोठ्या तोंडाचा भक्षक वाढला, तसे हे मासेही सुरक्षित राहिले नाहीत. अंगात बसविलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या ओळखपट्ट्यांच्या नोंदींवरून, सोडतेवेळी मासा जितका मोठा तितकी त्याची जगण्याची शक्यता अधिक, हे स्पष्ट झाले आणि आकार क्रमाक्रमाने वाढवावा लागला. दीड लाखाहून अधिक मासे सोडूनही जगलेल्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे गेली नाही. जात टिकली, पण ती माणसाच्या हातावर टिकली. तिचे डिंभ आजही मुख्य जलाशयात वाढत नाहीत.

याहून नदीच्या स्वभावाशी जुळणारा प्रयत्न वरच्या खोऱ्यात, यूटा राज्यातील ग्रीन नदीवर झाला. फ्लेमिंग गॉर्ज धरणातून पुराचे पाणी केव्हा सोडावयाचे हे २०१२ पासून डिंभांच्या दर्शनाशी जोडण्यात आले. नदीत क्षुरपृष्ठाचे डिंभ दिसू लागले की पाणी सोडावयाचे, म्हणजे ते डिंभ पुराबरोबर काठच्या पाणथळ भागात जातील. स्टुअर्ट सरोवर या पाणथळाच्या तोंडाशी जाळ्या बसविल्या आहेत. डिंभ त्यांतून आत जातात, मोठे परके मासे बाहेर राहतात. आतील उबदार पाण्यात अन्न मुबलक असते. तेथे वाढलेली पिल्ले शरद ऋतूत पुन्हा नदीत सोडता आली. भूक आणि भक्षण या दोन्ही प्रश्नांचे उत्तर येथे एकाच उपायात साधलेले दिसते.

आपल्या नद्यांच्या दृष्टीने

आपल्याकडील परिस्थिती कोलोरॅडोसारखी नाही. आपल्या नद्या पावसाळी आहेत, त्यांतील देशी भक्षक अनेक आहेत, आणि मैलापाणी व वाळूउपसा यांचा उपसर्ग भक्षणाहून कमी नाही. तरीही काही प्रश्न समान आहेत. कर्नल साइक्स याने १८३९ साली ज्या महसीर माशाचे वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले, तो दख्खनी महसीर आज आपल्यास डोहांत आणि धरणांत आढळतो. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे लोकांच्या श्रद्धेने त्याचे रक्षण झाले आहे. परंतु डोहात मोठाले मासे दिसतात एवढ्यावरून ती जात तेथे सुखरूप आहे असे म्हणता येईल काय? मोहावीतही मोठे मासे दिसत होतेच. त्या डोहाच्या वरच्या-खालच्या उथळ पाण्यात दर वर्षी किती पिल्ले पहिला हिवाळा पाहतात, हे मोजल्याखेरीज उत्तर मिळणार नाही.

डासांच्या निर्मूलनासाठी १९२८ साली भारतात आणलेला गॅम्बुझिया, १९५२ साली आलेला तिलापिया आणि त्यांच्यामागून आलेला आफ्रिकी मागूर हे आता आपल्या पाण्यांत स्थिरावले आहेत. गॅम्बुझिया डासांच्या अळ्यांबरोबर माशांचे डिंभही खातो. या माशांचा देशी डिंभांवर किती भार पडतो, याची उथळ कडेच्या पाण्यातील, भक्षक वगळून केलेल्या प्रयोगांनी पारख करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. रात्रीचा दिवा, हातजाळी, मोजपट्टी आणि बारीक जाळीचे काही पिंजरे एवढी सामग्री त्यास आरंभी पुरे.

बीज सोडण्यापूर्वी करावयाच्या विचाराचा इशाराही आपल्याच घरात आहे. लोणावळ्यास वाढविलेल्या दख्खनी महसीराचे बीज अन्य प्रांतांतील नद्यांत सोडले गेले, त्यात कावेरीही होती. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर याच काळात झपाट्याने कमी झाला. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी २०१८ साली निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या कमाल धोक्याच्या वर्गात नोंदला गेला. एका नदीतील देशी मासा दुसऱ्या नदीत परका असतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

क्षुरपृष्ठ माशाच्या इतिहासातून निघणारे तात्पर्य थोडक्यात असे. जातीचे भवितव्य तिच्या प्रौढांच्या संख्येत नसून एका वर्षाच्या पिल्लांत असते. ती पिल्ले नसतील तर त्यांच्या अभावाचे कारण एकेक अवस्था तपासून, आणि शेवटी संशयित कारण प्रत्यक्ष दूर करून पाहूनच सिद्ध करावे लागते. मोहावीतील वयाची वलये वाचली गेली तेव्हा तेथील शेवटच्या पिढीची शिल्लक हातची जाण्यास थोडीच वर्षे उरली होती. आपल्या डोहांतील माशांची वये अद्याप कोणी पुरेशी वाचलेली नाहीत. ते काम मासे म्हातारे होण्यापूर्वी झाले पाहिजे.